ब्रेक दगडासारखा का होतो?

रोहा तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आमच्याकडे जुनी मॅटाडोर आहे. भाताची पोती, भाजी आणि वेळप्रसंगी घरची माणसे, सगळे तिच्यातूनच जाते. हल्ली खिंड उतरताना पेडल एकदम दगडासारखे घट्ट होते. मिस्त्रीने ब्रेक-ऑईल बदलले, लायनर बदलले, तरी फरक नाही. काय करावे?" पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून आणखी एक ओळ लिहिली आहे: उतार लागला की डिझेल वाचावे म्हणून इंजिन बंद करण्याची घरात जुनी सवय आहे.

अर्धे उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे आणि उरलेले अर्धे बहुधा हातभर रबरी नळीत. पेण-रोहा भागात अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. मॅटाडोर आता कारखान्यातून निघत नाही. ती बनवणारी बजाज टेम्पो कंपनी २००५ साली फोर्स मोटर्स झाली. पण गावातल्या गाड्या काही कंपनीचे नाव बदलले म्हणून थांबत नाहीत. मॅटाडोर असो, ट्रॅक्स असो, जीप असो की चारशेसात, ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे तिला आजचे हे सगळे लागू आहे.

बूस्टर ओळखायचा कसा?

ब्रेक-ऑईलची बाटली ज्या मास्टर सिलिंडरवर असते, त्याच्या पाठीमागे जेवणाच्या थाळीएवढा, काळा, गोल पत्र्याचा डबा दिसतो. काही गाड्यांत तो पेडलपासून दूर चेसिसला बसवलेला असतो. या डब्याला बोटापेक्षा जाड अशी एक रबरी नळी आलेली असते. डबा म्हणजे बूस्टर आणि ती नळी म्हणजे व्हॅक्यूमची लाईन. डबा नसेल तर तुमच्या गाडीला साधा ब्रेक आहे आणि पेडल घट्ट होण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

डब्याच्या आत मधोमध रबराचा पडदा असतो. इंजिन चालू असताना नळीतून डब्यातली हवा ओढून घेतली जाते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवा नसली की पडदा स्थिर राहतो. आपण पेडलवर पाय ठेवला की पायाच्या बाजूने बाहेरची हवा आत येते आणि पडद्याला पुढे ढकलते. पायाला मिळते ती हीच मदत.

हवेत एवढे बळ कुठून, असे कोणी विचारील. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. तो आपल्याला जाणवत नाही, कारण तो सर्व बाजूंनी सारखा असतो. पण एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा तुटून पडते. २३ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याचे क्षेत्र सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर भरते. डब्यातली दोन-तृतीयांश हवा काढली, तरी पडद्यावर अडीचशे किलोच्या घरात जोर येतो. म्हणजे तीन-चार माणसे तुमच्याबरोबर पेडलवर उभी राहिल्यासारखेच झाले. नळी फुटली की ही माणसे निघून जातात आणि तुम्ही एकटे उरता.

ही युक्ती नवी नाही. बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र या इंजिनिअरने हवेच्या ओढीवर चालणारा ब्रेकचा मदतनीस बनवला आणि १९२७ पासून जर्मनीची बॉश कंपनी तो मोटारींसाठी विकू लागली. तत्त्व तेच राहिले आहे.

आपल्या पंपाचेच उदाहरण घ्या

विहिरीवरचा पंप ज्याने चालवला आहे त्याला ही लाईन समजायला वेळ लागणार नाही. सक्शन पाईपाला सुईएवढे भोक पडले, तरी पंप हवा घेतो आणि पाणी उचलत नाही. मोटर फिरते, आवाज येतो, पाटात मात्र पाणी नाही. फुटव्हॉल्व गळू लागला तर पंप बंद केल्यावर पाईप रिकामा होतो आणि पुन्हा पाणी भरत बसावे लागते.

गाडीत तसेच आहे. रबरी नळी म्हणजे सक्शन पाईप. नळीत किंवा डब्याच्या तोंडाशी एक छोटा एकतर्फी व्हॉल्व असतो, तो म्हणजे फुटव्हॉल्व. इंजिन बंद पडले तरी डब्यातली ओढ टिकून राहावी, हे त्याचे काम.

आणि पंप कोणता? पेट्रोलच्या जुन्या गाडीत इंजिन स्वतःच हवा ओढते, म्हणून नळी सरळ मॅनिफोल्डला जोडलेली असते. डिझेल इंजिनात तशी पुरेशी ओढ नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात. तो कुठे इंजिनालाच असतो, तर कुठे आल्टरनेटरच्या पाठीला. आल्टरनेटरच्या पाठीला असेल, तर तो फॅनबेल्टवर फिरतो. बेल्ट ढिला झाला की दिवे मंद होतात, बॅटरी उतरते आणि त्याच वेळी पेडलही जड होते. अशा वेळी बॅटरीला दोष देणारे आणि ब्रेकला दोष देणारे दोघेही चुकतात. दोष बेल्टचा असतो.

रेल्वेच्या जुन्या डब्यांनाही व्हॅक्यूम ब्रेक असत. साखळी ओढली की पाईपात हवा शिरे आणि गाडी थांबे. तिथे नळी फुटली तर ब्रेक आपोआप लागत. आपल्या गाडीत उलट आहे. नळी फुटली तर ब्रेक लागत नाही, फक्त मदत जाते. आणि ती गेल्याचे पाय दाबेपर्यंत कळत नाही. म्हणून ही तपासणी आधी, घरी, सपाटीवर करायची.

अंगणातल्या तीन परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. पदराचे, उपरण्याचे टोक पंख्याजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुलांना गाडीच्या पुढे-मागे उभे करू नये.

पहिली परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. ते हळूहळू घट्ट होईल. आता ते तसेच दाबून धरावे आणि इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. गेले तर डब्यापर्यंत ओढ पोचते आहे. अजिबात हलले नाही तर पंप, नळी, व्हॉल्व किंवा डबा यांपैकी एकात दोष आहे.

दुसरी परीक्षा. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पाच मिनिटे थांबावे. मग पेडल सावकाश दाबावे. पहिल्यांदा ते खोल जाईल, दुसऱ्यांदा त्याहून कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. पहिल्याच दाबाला ते घट्ट लागले तर साठवलेली ओढ गळून गेली. इथे बहुधा एकतर्फी व्हॉल्व किंवा व्हॉल्व आणि डबा यांमधला भाग दोषी असतो.

तिसरी परीक्षा. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, धरलेलेच ठेवून इंजिन बंद करावे आणि मनात तीस आकडे मोजावेत. पेडल जागच्या जागी राहिले तर ठीक. ते पायाला वर ढकलू लागले तर व्हॉल्वमधून किंवा डब्यातून गळती आहे.

तिन्ही परीक्षांना मिळून पंधरा मिनिटेसुद्धा लागत नाहीत आणि पैसा लागत नाही. मिस्त्रीकडे जाताना कोणती परीक्षा नापास झाली एवढे सांगितले, तरी त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे न लागणारे सामान वाचते.

दोष नेमका कुठे?

एकाने आत बसून पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बाहेर कान द्यावा. हातभर जुनी रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे लाईनवरून हळूहळू फिरवावे. जिथे फुसफुस ऐकू येईल तिथे गळती. पेट्रोलच्या इंजिनात गळती असेल तर इंजिनही ढेपाळते, मिसिंग करते. डिझेल इंजिन मात्र काही झालेच नाही असे चालत राहते, म्हणून डिझेलवाल्याने जास्त सावध असावे. गळती शोधण्यासाठी नळीवर पेट्रोल शिंपडण्याची कोणी कोणी युक्ती सांगतात. गरम इंजिनावर हा आगीशी खेळ आहे, तो करू नये.

आवाज सापडला नाही तर इंजिन बंद करावे, पेडल पाच-सहा वेळा दाबून डबा रिकामा करावा आणि डब्याकडचे नळीचे टोक काढावे. व्हॉल्व डब्याच्या रबरी भोकात रुतलेला असतो. तो हिसका देऊन ओढू नये, भोकाचे रबर फाटते. आता इंजिन चालू करून टोकावर अंगठा ठेवावा. अंगठा जोरात ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर हेच पंपाच्या तोंडाशी करून पाहावे. पंपाशी जोर आहे आणि डब्याशी नाही, तर दोष मधल्या नळीत. पंपाशीच जोर नाही, तर बेल्ट पाहावा आणि मग पंप.

नळी बाहेरून धडधाकट दिसली म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नये. डिझेलच्या पंपाला इंजिनचे ऑईल लागते. त्याचा वाफारा नळीत जातो आणि आतले रबर फुगून सुटते. सुटलेला पापुद्रा आतल्या आत दार लावतो. वाकवून पाहावी, बोटांनी दाबून पाहावी. चिरा दिसल्या, किंवा जुन्या वांग्यासारखी लिबलिबीत लागली, तर ती गेली असे समजावे.

नव्या नळीच्या जागी पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी लावण्याचा मोह होतो. ती थंड असताना चालेलही. इंजिन तापले की मऊ पडते आणि आतल्या ओढीने चपटी होते. शहाळ्यात भिजलेली कागदी नळी जोराने ओढली की चिकटते ना, तसे. व्हॅक्यूमसाठीच बनवलेली, जाड भिंतीची, तेल सोसणारी नळीच घ्यावी. टोकेच चिरली असतील आणि लांबी पुरत असेल तर बोटभर टोक कापून नळी पुन्हा बसवता येते. पण ती सोय नवी नळी मिळेपर्यंतची. तारेने आवळू नये, होज क्लिपच लावावी. नळी सायलेन्सरला टेकू देऊ नये.

एकतर्फी व्हॉल्व पुसून तोंडाने फुंकून पाहता येतो. डब्याच्या बाजूने फुंकले तर हवा गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकले तर अडली पाहिजे. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली तर व्हॉल्व बदलावा. नळीच्या मध्ये बसणाऱ्या व्हॉल्ववर बाण असतो. बाणाचे टोक इंजिनाकडे. नळी बदलताना व्हॉल्व उलटा बसला, तर नवे सामान घालूनही ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट होतो आणि सगळे चक्रावतात.

इथवर घरचा चौकस माणूस करू शकतो. पुढचे काम मिस्त्रीचे. पेडलजवळ सतत फुसफुस येत असेल तर डब्यातला पडदा फाटला असण्याचा संभव आहे. ब्रेक-ऑईल कमी होत आहे, पण बाहेर कुठे थेंब नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळून ऑईल डब्यात जात असते. डबा घरी उघडू नये. आत जोरदार स्प्रिंग असते आणि बंद करताना तो पूर्ववत बसत नाही. ब्रेकच्या बाटलीत इंजिनचे किंवा हायड्रॉलिकचे ऑईल चुकूनही घालू नये. त्याने सगळी सिले फुगून निकामी होतात.

खारेपाटाची आणि पावसाची खास अडचण

ज्या गाडीत इंजिन एकीकडे आणि डबा दुसरीकडे असतो, तिच्या तळातून लोखंडी नळी नेलेली असते. पेणच्या खारेपाटात, वडखळपासून खाडीच्या कडेने ज्यांचा रोजचा फेरा आहे, त्यांनी ही नळी वर्षातून दोनदा पाहावी. खारी हवा आणि भरतीचे पाणी पत्र्याला खाते हे आपण छपरावर पाहतोच. नळी मधोमध नव्हे, तर क्लिपच्या खाली सडते, कारण तिथे ओल अडकून राहते. क्लिप सोडवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली तर घरी आल्यावर तळावर गोडे पाणी मारावे.

दुसरा शत्रू उंदीर. पावसाळ्यात गाडी भाताच्या कणगीशेजारी महिनाभर उभी राहिली, तर उंदीर बॉनेटमध्ये बिऱ्हाड करतो आणि रबर कुरतडतो. गणपतीआधी हमरापूर, जोहे या गावांतून मूर्ती भरायला गाड्या बाहेर निघतात. बऱ्याच दिवसांनी निघणाऱ्या गाडीने आधी वरच्या तीन परीक्षा द्याव्यात आणि मगच पेंढा अंथरावा. मूर्ती पोत्यासारखी आवळून बांधता येत नाही. ब्रेक कधी हलका, कधी जड लागू लागला की धक्के बसतात आणि कारागिराची मेहनत वाटेतच तडकते.

इंजिन बंद करून उतरू नये

आता त्या शेवटच्या ओळीकडे वळू. नागोठण्याहून भिसे खिंड ओलांडून रोह्यात उतरणारे, कोलाडकडे जाताना सुकेळी खिंड उतरणारे, पनवेलच्या वाटेवर कर्नाळ्याची खिंड उतरणारे, सगळ्यांनी हे ध्यानात धरावे.

इंजिन बंद झाले की पंप बंद. डब्यात जी ओढ साठली आहे ती दोन-तीन दाबांना पुरते. लाईन गळकी असेल तर एकालाही पुरत नाही. पहिल्या वळणावर ब्रेक छान लागतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या वळणावर पेडल दगड होते. गिअर काढलेला असल्यामुळे इंजिनाचा आवरही उरलेला नसतो. किल्ली पूर्ण फिरवली, तर काही गाड्यांत स्टिअरिंगसुद्धा कुलूपबंद होते.

आणि हे सगळे कशासाठी? डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि उतार गाडीला ढकलत असला, तर इंधनपंपाचा गव्हर्नर डिझेल जवळपास तोडूनच टाकतो. इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरते. म्हणजे गिअरमध्ये उतरणाऱ्याचे डिझेल वाचतेच, शिवाय इंजिन गाडी रोखते आणि पंप ओढ भरत राहतो. जी बचत आधीच होत होती तिच्यासाठी मागे बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लावू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुन्या चालकांची रीत खरी आहे.

वाटेत पेडलने दगा दिला तर

दोन दगे वेगळे आणि दोघांचे उपाय उलटे आहेत. घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याने हे पाठ करावे.

पेडल मऊ पडून खाली तळाशी जात असेल तर तो ऑईलचा दोष. तिथे पेडल भराभर पंप करावे; थोडा दाब मिळतो.

पेडल घट्ट झाले असेल तर तो व्हॅक्यूमचा दोष. तिथे पंप करू नये. प्रत्येक वेळी पाय उचलला की उरलीसुरली ओढ संपते. एकदाच पाय ठेवावा आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दाबून धरावा. ब्रेक गेलेला नसतो, फक्त त्याची मदत गेलेली असते. पुरेसा जोर दिला की तो लागतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद असेल तर ते गिअरमध्ये घालून चालू करावे.

पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक लागत नसेल तर तो तिसराच प्रकार. पेडल नेहमीसारखे असते, पण लायनर ओले असतात. हळू चालवत, पेडलवर हलका पाय ठेवून ते वाळवावेत.

आमच्या वाचकांनी तेव्हा असे करावे. आजपासून उतारावर इंजिन बंद करणे सोडावे. त्यानंतर तीन परीक्षा घ्याव्यात. तिन्ही पास झाल्या, तर गाडी निर्दोष आणि सवयच दोषी होती असे समजावे. एखादी नापास झाली, तर आधी बेल्ट, मग नळी, मग व्हॉल्व या क्रमाने जावे. डबा सगळ्यांत शेवटी. काही बदलल्यावर रस्त्यावर जाण्याआधी गाडी मोकळ्या शेतात माणसाच्या चालीने चालवून चार वेळा थांबवून पाहावी. दोष निघेपर्यंत तिच्यात माणसे बसवू नयेत. पोती बैलगाडीतून किंवा शेजाऱ्याच्या गाडीतून नेता येतील.

पेणच्या आर.टी.ओ. कचेरीत फिटनेससाठी गाडी न्यायची वेळ येते तेव्हा ब्रेक पाहिले जातातच. पण ती तपासणी ठराविक काळाने एकदा होते आणि नळी मधल्या कुठल्याही दिवशी फाटते. बैलाचा खूर आणि जू आपण रोज सकाळी पाहतो. गाडीची ही नळी महिन्यातून एकदा तरी पाहावी.